उभ्यानं घाबरायला शिकवणाऱ्या मॅडम

आमच्या पिंपळवंडीच्या बाजूला एखादी पोरगी परीक्षेच्या दारात उभी राहून ओठातल्या ओठात ‘कबड्डी कबड्डी कबड्डी’ म्हणताना दिसली, तर तिला वेड लागलंय असं समजू नका. ती रणपिसे मॅडमच्या हाताखालून गेलेली आहे, एवढंच.

मागच्या महिन्यात मी दाढ दाखवायला नारायणगावला गेले होते. बाकावर माझ्या शेजारी एक बाई बसलेली, मांडीवर लहान पोर. आतून मशीनचा तो घुर्रर्र आवाज आला आणि बाईचे ओठ हलायला लागले. मी कान दिला. कबड्डी! मी तिला कोपरानं ढोसलं. “रणपिसे मॅडम का?” ती दचकली, मग एवढी हसली की मांडीवरचं पोर जागं झालं. “म्हणजे तुमी पण?” आम्ही दोघी, एकमेकींचं नाव गाव माहीत नसलेल्या बायका, त्या दाताच्या दवाखान्यात तोंडाला पदर आणि ओढणी लावून हसत बसलो. नंबर पुकारणारी मुलगी दोनदा ओरडली, “शीतलताई, तुमचा नंबर!” तरी मला ऐकू आलं नाही.

मी टोमॅटोची रोपं विकते. नर्सरी आहे माझी. कुठल्या रोपाला किती ऊन लागतं ते सांगा म्हणाल तर सांगेन, पण लिहिण्याशी माझा संबंध दहावीच्या निबंधानंतर तुटला. तरी त्या दिवशी घरी आले आणि राहवेना. मॅडमवर कुणीतरी लिहायला पाहिजे. दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही, म्हणून मी.

सुलभा रणपिसे आमच्या शाळेत पीटी शिकवायच्या. उंची बेताची, आवाज मात्र मैदानाच्या दुसऱ्या टोकाला चरणाऱ्या शेळ्यांची मान वर व्हावी असा. साडी घोट्याच्या वर खोचलेली, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. खांद्याला एक पर्स असायची, तिच्यात पावडर-कंगवा काही नाही, भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचे खडे. सामन्याआधी एखादीचा चेहरा पांढरा पडलेला दिसला की तिच्या हातावर मूठभर ओतायच्या. “खा आधी. रिकाम्या पोटी धडधड डबल हुती.” माहेर त्यांचं अवसरी बुद्रुक. जगातली निम्मी चांगली माणसं अवसरीत जन्मली असं त्यांचं ठाम मत होतं, आणि उरलेली निम्मी अवसरीच्या सुना झाल्या असं त्या म्हणायच्या.

नारायणगावला खोली करून राहायच्या आणि तिथून स्कूटीवर यायच्या. त्या स्कूटी चालवायच्या असं म्हणायला जीभ धजत नाही, त्या तिच्याबरोबर चालत यायच्या. गतिरोधक दिसला की दोन्ही पाय खाली. कुत्रं दिसलं की दोन्ही पाय खाली. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला तर खाली उतरून, गाडी कडेला लावून, ट्रॅक्टरवाल्याला हात करून ‘जा बाबा तू’ म्हणायच्या. मैदानावर वाघीण असलेली बाई रस्त्यावर अशी, याचं आम्हाला फार हसू यायचं. आम्ही हसतो हे त्यांना माहीत होतं. “हसा,” म्हणायच्या. “मी भिते गाडीला. भित भित रोज येते ना?”

सगळ्या पोरींना त्या ‘पैलवान’ म्हणायच्या. माझं वजन तेव्हा दप्तराएवढं, तरी मीही पैलवान.

मैदानावर त्यांचा एकच कडक नियम होता. ‘घाबरू नको’ हे शब्द उच्चारायचे नाहीत. ‘टेन्शन घेऊ नको’ तर अजिबात नाही. जो बोलेल त्यानं मैदानाला एक फेरी मारायची. “घाबरू नको म्हणल्यानं आजवर कोण घाबरायचं थांबलंय का? उलट त्याला वाटतं, आपण घाबरतोय ही बी आपलीच चूक. घाबर की! फकस्त उभ्यानं घाबर. पळू नको, बसू नको, उभी राहा न् घाबर.”

हा नियम एकदा आमच्या हेडसरांवर उलटला. परीक्षा जवळ आलेल्या, सकाळची प्रार्थना झालेली, सर माईकवर आले आणि मोठ्या प्रेमानं म्हणाले, “विद्यार्थी मित्रांनो, परीक्षेला घाबरू नका, टेन्शन घेऊ नका.” झालं! कबड्डीच्या आम्ही साऱ्या पोरींनी एकदम मॅडमकडे पाहिलं. मॅडम आभाळाकडे बघायला लागल्या. पहिल्या रांगेतून खुसखुस सुरू झाली, ती मागे मुलांच्या रांगेपर्यंत गेली. सरांनी विचारलं, काय झालं? पाचवीतलं एक चुणचुणीत पोर म्हणालं, “सर, तुमाला राउंड लागला.” सरांना नियम समजावून सांगण्यात आला. सर मोठे दिलदार. सफारी आणि काळे बूट घालून त्यांनी अख्ख्या मैदानाला फेरी मारली, शिपाईमामा पाण्याची बाटली घेऊन त्यांच्या मागं मागं. शाळेनं एवढ्या टाळ्या कुठल्या पाहुण्याला वाजवल्या नसतील.

मॅडम स्वतःही या बाबतीत काही लपवायच्या नाहीत. पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला परेडची कमांड त्यांच्याकडे. ‘परेऽऽड सावधान’ म्हटलं की झेंड्याच्या काठीवरचं कबूतर उडायचं. पण त्याआधी अर्धा तास त्या बाथरूमच्या वाऱ्या करायच्या आणि येता-जाता आम्हाला सांगायच्या, “माझं पोट देशभक्त हाय गं. बरोबर याच दोन दिवशी बिघडतं.”

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय मॅडम पुऱ्या कळायच्या नाहीत.

नववीत, दिवाळीची सुट्टी संपल्यावर, मला हे सुरू झालं. तोंडी परीक्षा होती. माझा नंबर जवळ येत होता आणि छातीत कोंबडं फडफडावं तसं व्हायला लागलं. हाताची बोटं बधिर, त्यांना मुंग्या. पोटात पीळ. घसा असा कोरडा की आवंढा खाली जाईना. आणि मग एक विचार, एकदम पक्का, की आता आपण मरतोय. मी वर्गातून उठून पळाले ती पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसले. मॅडम तिथं मैदान आखायच्या फक्कीचं पोतं घ्यायला आल्या होत्या. मी म्हणाले, “मॅडम, मी मरतीय.”

मॅडमनी पोतं खाली ठेवलं. माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाल्या, “बरं. पण आधी बूट काढ.”

मरणाऱ्या माणसाला कुणी असं बोलतं का? मला एवढा राग आला की मी बूट काढले. “आता पायाची बोटं मातीत दाब. घट्ट. माती गार हाय का गरम?” गार होती. “आता श्वास आत वढू नकोस. लई वढलायस आधीच, त्यानंच मुंग्या आल्यात. सोड. माझ्याबरोबर कबड्डी म्हण. हळू, दम तुटेपर्यंत.” आणि टाकीमागं त्या मातीत माझ्यासमोर मांडी घालून बसल्या आणि गुणगुणल्यासारखं सुरू केलं. कबड्डी कबड्डी कबड्डी. मी त्यांच्या मागं. माझा दम लगेच तुटायचा, त्यांचा चालूच. काही वेळानं माझा जरा लांबला. आणखी लांबला. बोटं माझी मला परत मिळाली.

“मेलीस का?”

“नाही.”

“मग चल, तास चुकतोय. आन उद्या घरच्यांना घेऊन डॉक्टरकडं जायचं. छाती आधी डॉक्टर बघतील, मग मी.”

डॉक्टरांनी ईसीजी काढला, रक्त तपासलं, आणि हृदय एकदम ठणठणीत आहे म्हणून सांगितलं. ही अँग्झायटी आहे, चिंतेनं शरीर असं वागतं, या वयात पुष्कळ मुलांना होतं, असं छान समजावलं. आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, दवाखान्याच्या पायरीवरच तापले. “चिंता? टोमॅटोचा बाजार मी बघतोय, रानात पाणी मी भरतोय, आन चिंता हिला?” आईनं तिथल्या तिथं ओझरच्या गणपतीला नवस बोलला. चुलतीनं मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. वर्गातल्या पोरी म्हणाल्या, नाटकी आहे. आणि जो तो म्हणाला, टेन्शन घेऊ नको. जसं काही मी आठवडे बाजारातून पिशवीभर टेन्शन विकत आणलं होतं! आजही कुणी हे वाक्य बोललं की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

मॅडमनी मला कबड्डीत ओढलं. मंचरला एक समुपदेशक ताई बसायच्या, त्यांच्याकडेही स्वतःच्या स्कूटीवर बसवून न्यायच्या. त्या ताईंचाही मला खूप उपयोग झाला, खोटं कशाला बोलू. पण स्कूटीवरनं मंचरपर्यंत जायचं म्हणजे अर्धा दिवस मोडायचा, आणि वाटेतल्या प्रत्येक गतिरोधकाला मीसुद्धा मागून पाय खाली टेकायला शिकले.

खेळाडू म्हणून मी काही कामाची नव्हते. चढाईला गेले की मध्यरेषेपलीकडे दोन पावलं टाकून, कुणालाही हात न लावता, परत यायचे. मॅडम टाळ्या वाजवायच्या. बाकीच्या पोरी चिडायच्या, “मॅडम, तिनं काय केलं?” मॅडम म्हणायच्या, “दम तुटू दिला न्हाय. दुसरं काय पायजे?” चढाई करणाऱ्याला पलीकडे सगळी आपल्यावर टपलेली असताना एकाच दमात बोलत राहावं लागतं, श्वास हळूहळू सोडत. दम तुटला की बाद. मॅडमचं म्हणणं, हेच भीतीचं औषध, फक्त कुणी बाटलीत भरून विकत नाही म्हणून लोकांना पटत नाही.

आणि त्यांचं ते पाहुण्यांचं. “छातीत धडधडायला लागलं की म्हणायचं, पावणं आलं. बस बाबा, टेक. तू चहा पी, मी माझं काम करते. हाकलाया गेलं की पावणं रुसतं न् मुक्कामाला राहतं.” मी घरी हे करून बघायचे. गणित सोडवताना धडधड सुरू झाली की पुटपुटायचे, बसा पाव्हणं. आई स्वयंपाकघरातून विचारायची, “कोण आलंय गं?”

बिबट्याची गोष्ट सांगितली नाही तर माझ्याबरोबरच्या पोरी मला माफ करायच्या नाहीत.

आमच्याकडे बिबट्या म्हणजे काही नवलाई नाही. उसात राहतो, कुत्री उचलतो, कधी माणसांवरही जातो, म्हणून लोक जपून असतात. दहावीचं वर्ष होतं, थंडीचे दिवस. तालुक्याचे सामने जवळ आलेले म्हणून सराव सकाळी शाळेआधी. मैदानाच्या एका अंगाला ऊस, त्याची तोड सुरू झालेली. आम्ही पकडीचा सराव करत होतो आणि उसातून, अगदी सावकाश, बिबट्या बाहेर आला. येऊन फक्कीनं आखलेल्या रेषेवर उभा राहिला.

एक पोरगी किंचाळली. मॅडमचा आवाज आला, आणि तो परेडचा आवाज होता. “कुणी पळायचं न्हाय! पाठ दाखवायची न्हाय! साखळी करा!” कबड्डीत पकड करताना एकमेकींचे हात धरतो ती साखळी. आमचे हात आपोआप एकमेकींत गेले. मॅडम मधे. “आता मागं मागं सरका, शाळेकडं. त्याच्याकडं बघत. आन वरडा, मोठ्यानं!” काय ओरडायचं ते कुणाला सुचेना, म्हणून आम्ही जे रोज ओरडतो तेच ओरडलो. बारा गावच्या पोरींनी एका सुरात बिबट्याला ‘कबड्डी कबड्डी’ ऐकवलं. त्यानं आमच्याकडे पाहिलं, शेपूट हलवलं आणि आला तसा उसात गेला. त्याला खेळात रस नसावा.

आम्ही वर्गात शिरून दार लावून घेतलं. शिपाईमामांनी वनखात्याला फोन केला. मॅडम बाकावर बसल्या आणि मग त्यांना थरथर सुटली. पाण्याचा ग्लास तोंडाला लागेना, साडीवर सांडत होता. आम्हाला वाटलं, मॅडमना काहीतरी झालं. त्यांनी हात पुढं केले. “या गं, बघा. लपवायचं काय त्यात. तुमचे बी दाखवा.” आम्ही सगळ्यांनी हात पुढं केले. सगळे हात लटलटत होते. एकीच्या बोटांना मुंग्या आलेल्या, एकीला उलटी होईल असं वाटत होतं, मला नाटकी म्हणणाऱ्या एकीची तर छाती एवढी धडधडत होती की तिनं माझा हात धरून आपल्या छातीवर ठेवला, “बघ ना गं शीतल, थांबतच न्हाय.”

मॅडम म्हणाल्या, “बिबट्या गेला तरी अंग अजून पळतंय. अंगाचं काही चुकत न्हाय, ते आपल्याला वाचवायलाच बघतंय. आता हिच्याकडं बघा.” माझ्याकडे बोट केलं. “हिचं अंग रोज असं होतं. फकस्त हिचा बिबट्या तुमाला दिसत न्हाय.”

मग मॅडमनी पर्स उघडली आणि लटलटत्या हातानं शेंगदाणे वाटले. त्या दिवसानंतर मला वर्गात कुणी नाटकी म्हणालं नाही. वनखात्यानं पिंजरा लावला, त्यात दोन दिवसांनी शाळेजवळचं एक कुत्रं सापडलं.

हे सगळं चांगलं चाललं होतं, आणि पूर्वपरीक्षेला माझं बिनसलं. गणिताचा पेपर. पाव्हणं आलं ते एकटं नाही, अख्खं वऱ्हाड घेऊन आलं. मी दम धरला, तुटला. परत धरला, परत तुटला. पेपर अर्धा टाकून उठले आणि शेताशेतानं घरी चालत आले. आईनं मला पोटाशी धरलं. आण्णा रात्री जेवले नाहीत. सकाळी म्हणाले, “बास झालं. न्हाय द्यायची परीक्षा. पोर राहिली पायजे आपल्याला, दहावी काय करायचीय?”

हे ते रागानं म्हणाले असते तर मी भांडले असते. ते एवढ्या मायेनं म्हणाले की मला सुटल्यासारखं वाटलं. मला घरी बसायचंच होतं. सगळं घर मला बसवायला तयार होतं.

मॅडम संध्याकाळी आल्या. चहा घेतला. आईनं नवसाचं सांगितलं. मॅडम स्वतः पौर्णिमेला विहारात जाणाऱ्या, नवसाबिवसाशी त्यांचा संबंध नाही, पण आईला त्या कधी उलट बोलल्या नाहीत. “नवस तुमचा, दम तिचा,” म्हणाल्या. “फेडायला जाल तवा मला बी घिऊन चला, ओझरला जाऊन लई दिवस झालं.”

मग आण्णांकडे वळल्या. “भाऊ, हिला परीक्षेपासनं घरी बसवलं तर धडधड काय परीक्षेच्या हॉलमधे थांबणार हाय का? ती हिच्याबरोबर घरी यील. आज पेपरला बसवलं न्हाय, उद्या बाजारात जाववणार न्हाय, परवा दारात पाऊल टाकवणार न्हाय. मग काय करताल?”

“मॅडम, मला बघवत न्हाय हो तिच्याकडं,” आण्णा म्हणाले आणि त्यांचा आवाज फुटला. मी आण्णांचा आवाज तसा कधी ऐकला नव्हता.

“न्हायच बघवत,” मॅडम म्हणाल्या. “कुणाला बघवंल?”

शेवटी तोड निघाली. परीक्षेला जायचं. पण प्रत्येक पेपरला आण्णा गेटवर मोटारसायकल घेऊन थांबणार, तोंड घराच्या दिशेला करून. मला म्हणाले, “बाय, जरा जरी वाटलं तरी उठून यायचं. कुणाला विचारायचं न्हाय. मी किक मारूनच उभा आसंन.” मॅडम एवढंच म्हणाल्या, “हे बेस झालं, भाऊ.” एवढ्या पटकन त्यांनी मान्य केलं याचं मला नवल वाटलं.

केंद्र शेजारच्या गावात होतं. पहिला पेपर मराठीचा. प्रश्नपत्रिका हातात आली आणि पाव्हणंही. मी चपला काढल्या, पाय फरशीला दाबले, मान खाली घालून कबड्डी सुरू केली. डोळे उघडले तर समोर पर्यवेक्षक. ओळखीचे नव्हते, चष्म्यावरून बघत होते.

“काय पुटपुटतेस? कुणाला सांगतेस उत्तर?”

कॉपी म्हणून उठवलं तर सगळंच संपलं. बोलू काय? खरंच बोलले. “कबड्डी म्हणतीय, सर.”

“काय?”

“कबड्डी. भीती वाटती म्हणून. आमच्या मॅडमनी सांगितलंय.”

सर वाकले, बाकाखाली बघितलं, माझ्या अनवाणी पायांकडे बघितलं. मागचा पुढचा बाक बघितला. मग कानाजवळ येऊन म्हणाले, “मनातल्या मनात म्हण. बाकीच्यांना वाटेल, पहिल्या प्रश्नाचं उत्तर कबड्डी आहे.”

मला खुदकन हसू आलं, आणि हसता हसता दम परत मिळाला. तो पेपर मी लिहिला. पुढचेही लिहिले. सोपं गेलं असं नाही. इंग्रजीला उलटी आली, पाणी पिऊन परत बसले. गणिताला निम्मा वेळ हात कापत होता, अक्षर असं की तपासणाऱ्यानं काय वाचलं त्यालाच ठाऊक. दर पेपरला एकदा तरी डोक्यात यायचं, उठावं, बाहेर आण्णा आहेत, गाडी चालू आहे. ते आहेत म्हणून बसता यायचं आणि ते आहेत म्हणूनच उठावंसं वाटायचं, असा सगळा घोळ.

त्याच उन्हाळ्यात मॅडमची दूरच्या शाळेत बदली झाली. निकालाच्या दिवशी मी फोन केला तेव्हा त्यांना एवढा आनंद झाला की फोनवर शिट्टी वाजवली, माझा कान दिवसभर वाजत होता. अजूनही सणावाराला बोलणं होतं. पण भेट म्हणाल तर डोळ्यांसमोर येतात त्या शेवटच्या पेपरच्या दिवशीच्याच.

भूगोल होता. मी पुरवणी लावली, घंटा होईपर्यंत बसले आणि सगळ्या पोरांच्या गर्दीतून बाहेर आले. गेटपलीकडे रसवंतीच्या सावलीत आण्णांची मोटारसायकल उभी, तोंड घराकडे. आण्णा शेजारच्या दगडावर बसलेले. आणि त्यांच्याजवळ, साडी खोचलेल्या, डोक्यावर रुमाल टाकून, रणपिसे मॅडम. त्या रोज येत होत्या हे मला तेव्हा कळलं.

“झाला?” आण्णांनी विचारलं.

“झाला. सगळा लिहिला.”

आण्णा उठले. मॅडमपुढं हात पसरला. मॅडमनी पर्समध्ये हात घातला, शेंगदाण्यांतून चाचपून मोटारसायकलची चावी काढली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. “घ्या भाऊ. आता न्या घरी.” माझ्या पाठीत एक जोरदार धपका घातला, “शाब्बास पैलवान,” आणि स्कूटीवर बसून निघाल्या. वळणावर म्हशी आडव्या आल्या तसे दोन्ही पाय खाली टेकवलेले मला दिसले, मग गर्दीत दिसेनाशा झाल्या.

गाडीवर मागं बसल्यावर मी विचारलं, “आण्णा, त्या रोज चावी काढून घ्यायच्या तुमच्याकडनं?”

आण्णांनी गाडी हळू केली.

“पयल्या दिशी घितली,” म्हणाले. “दुसऱ्या दिसापासनं मीच नेऊन देत व्हतो.”